कागद असताना राख कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जुन्या वस्त्यांमधल्या जळक्या दाण्यांवर काम करतो म्हटलं की समोरचा माणूस इनामगावचा सातू किंवा हडप्पाचा गहू ऐकायच्या तयारीत बसतो. पण इंग्रजी अमलात जमिनीचा वापर कसा बदलला, हेही याच दाण्यांवरून पाहता येतं असं म्हटलं, की हटकून एकच प्रश्न येतो: त्या काळाचे कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे पडलेत. सर्व्हे आहे, जमाबंदी आहे, गॅझेटिअर आहेत. मग चुलीची राख चाळून आणखी काय मिळणार?

कागद खोटे आहेत असं माझं म्हणणं नाही. पण सारा बसवणारा माणूस शेतात काय बघतो ते लक्षात घ्या. १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जी पाहणी सुरू केली, तिचा सगळा रोख मातीवर होता. रंग, खोली आणि दोष बघून जमिनीची प्रत आण्यांत ठरवायची, त्यावर साऱ्याची रक्कम बसवायची आणि ती तीस वर्षं कायम ठेवायची. त्या शेतात कुणब्यानं काय पेरलं, यावर सारा अवलंबून नव्हता. पिकांचे तक्ते पुढे आले. पण बाजरीच्या काकरीतली मटकी, कडेची अंबाडी, उतारावरचा राळा हे सगळं एकरांच्या रकान्यात बसवणं अवघडच. ज्याचा सारा भरायचा किंवा ज्याची पेठेत विक्री व्हायची, ते कागदावर ठळक उतरतं. घरी रांधून खाल्लेलं पुसट होतं.

राखेचं बरोबर उलटं आहे. विस्तवाजवळ जे गेलं तेच तिच्यात टिकतं: सांडलेले दाणे, पाखडून चुलीत टाकलेला भुसा, गोवरीतून आलेलं गवताचं बी. उसाचा, पालेभाजीचा पत्ता तिला फारसा नसतो. म्हणून दोन्ही लागतात. निव्वळ दाण्यांवरून इतिहास सांगू पाहणाऱ्या आमच्या लोकांशीही माझं जमत नाही.

काम दिसायला साधं आहे. राखेची माती बादलीत घालायची, पाणी ओतून हलक्या हातानं ढवळायची. जळकं हलकं असल्यानं तरंगतं, ते बारीक जाळीवर धरायचं आणि सावलीत वाळवायचं. खरी परीक्षा सूक्ष्मदर्शकाखाली होते. राळा आणि वरई जळल्यावर दोन्ही काळे ठिपके; पण राळ्याच्या दाण्यावर कोंबाची खाच लांब, दोन-तृतीयांशापर्यंत जाते, वरईची निम्म्यापाशी थांबते. कोंबच झडून गेला असेल तर डोकं धरून बसायचं.

कोळसा मला दाण्यांहून बोलका वाटतो. ठाणे-कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांकडे भाताची रोपं टाकण्याआधी वाफ्यावर झाडांचा टहाळ, शेण, पालापाचोळा पसरून राब भाजायची रीत. त्यासाठी ऐनाचं झाड मोठं कामाचं. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राखीव रानातल्या तोडीवर बंधनं आली आणि ओरड एवढी झाली, की १८८५ मध्ये मुंबई सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. राब हवा की जंगल, यावर दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिलं गेलं. प्रत्यक्षात वाफ्यावर काय जळत होतं, हे मात्र मातीतच सापडेल. कोळशाचा तुकडा मोडून ताजा आडवा छेद बघितला की झाडाची जात कळू शकते, आणि वलयं किती वाकलेली आहेत यावरून ती बारीक फांदी होती की जाड खोड, तेही. टहाळ छाटणं आणि झाड पाडणं यांवरच तर भांडण होतं!

देशावर हाच प्रश्न गोवरीतून विचारावा लागतो. लाकूड दुर्मिळ झालं की चुलीत शेण वाढतं, आणि शेणाबरोबर रानगवताचं बी. जुन्या वनस्पती-अवशेषांच्या अभ्यासक नेओमी मिलर यांनी दक्षिण इराणमधल्या मल्यान इथल्या फार जुन्या वस्तीत बी आणि कोळसा यांचं प्रमाण मोजून जंगल कसं हटत गेलं ते दाखवलं. आपल्या उघड्या माळावर मात्र हा आकडा जपून वापरावा लागेल, कारण इथे गोवऱ्या कुठल्याच राज्यात थांबल्या नव्हत्या.

कापसाचं तर आणखी गमतीचं. १८६१ ते ६५ च्या अमेरिकी यादवीत खानदेश-वऱ्हाडात त्याची चलती झाली हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण कापसातून सरकी काढायचा हातरेचा घराघरात होता तेव्हा सरकी गावातच राहायची, गुरांच्या पुढ्यात नाहीतर चुलीत पडायची. तेच काम यंत्रावर करणारे जिनिंगचे कारखाने आले आणि ती गावाबाहेर गेली. म्हणजे शेतात कापूस वाढत असताना गावच्या राखेत सरकी कमी होत गेलेली दिसली, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

बाहेर असं काम झालेलं आहे. कॅलिफोर्नियात स्पॅनिशांनी १७६९ पासून धर्मप्रसाराची ठाणी, म्हणजे मिशनं, उभारली, कच्च्या विटांची. शेतीशास्त्रज्ञ जॉर्ज हेंड्री यांनी १९३० च्या सुमारास त्या विटा भिजवून आतलं काड आणि बी तपासलं. वीट पाडली त्या सुमाराला आसपास काय उगवत होतं, ते तिच्यात अडकलेलं. सगळ्यात जुन्या बांधकामांतही भूमध्य समुद्राकडची तणं निघाली. पुढे सांता बार्बराच्या समुद्रतळाच्या गाळात, जिथे वर्षाला एक पापुद्रा साचतो, त्यातल्या एका तणाचे परागकण १७६९ च्या काही वर्षं आधीच सापडले. राज्यकर्ते पोचायच्या आत त्यांचं तण पोचलं होतं! घानातल्या बांडा भागात पुरातत्त्वज्ञ अमांडा लोगन यांनी दाखवलं, की काही शतकांपूर्वीच्या लांबलेल्या अवर्षणातही लोक बाजरीवर तगून होते. अन्नाची तंगी पुढे आली, बाजार आणि वसाहतीची सत्ता आल्यावर.

आपल्याकडे अडचण खोदकामाच्या सवयीची आहे. सातवाहन किंवा ताम्रपाषाण थर गाठायची घाई असते, वरचे हातभर थर ‘अलीकडचे’ म्हणून टोपल्यांनी बाहेर जातात. त्यातल्या प्रत्येक राखेची एक बादली जरी बाजूला काढली तरी पुष्कळ होईल. आणि पाडायला काढलेले वाडे आहेतच. एकोणिसाव्या शतकात बांधल्याचा कागद असलेल्या वाड्याच्या मातीच्या भिंतीत भूस आणि काड असतं, हेंड्रींच्या विटांसारखंच. फक्त ती माती गावच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून, खणून आणलेली असेल, तर तिच्यात दोन हजार वर्षांपूर्वीचे जळके दाणेही मिसळलेले असणार. तेव्हा अशा भिंतीतलं न जळलेलं काड तेवढं धरावं आणि जळकं सगळं सोडून द्यावं.