जूनमधली पेरणी: थंडीपेक्षा लांब दिवसच जड जातो

उत्तरेकडच्या थंड देशांत कोथिंबीर लावणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते: चार पानं येतात न येतात तोच फुलोरा. खापर बियाण्यावर फुटतं, पण बहुतेक वेळा कारण दिवसाच्या लांबीत असतं. ५० अंश अक्षांशावर जूनअखेर दिवस १६ तासांहून मोठा होतो; आपल्याकडे तो १३ तासांच्या आसपास. कोथिंबीर, पालक, शेपू, मुळा ही मंडळी दिवस लांबला की पानं सोडून फुलाच्या मागे लागतात. त्यात पाण्याचा ताण पडला, तर आणखी घाई.

म्हणून तिकडे पालक जूनमध्ये पेरूच नये. ऑगस्टपर्यंत थांबावं, तोवर स्विस चार्ड ही पालकासारखी पालेभाजी लावावी. ती पहिल्या वर्षी सहसा फुलावर येत नाही.

कोथिंबीर मात्र पेरावी, फक्त रीत बदलून. धणे हलके रगडून दोन फाकी करायच्या, कारण प्रत्येक धण्यात दोन बिया असतात. रात्रभर भिजवून जिथे वाढवायची तिथेच पेरायची. सोटमूळ असल्याने पुनर्लागवड सोसत नाही. खोली एक ते दीड सेंटिमीटर, ओळींत २० सेंटिमीटर. सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली अशी जागा उत्तम. उगवायला दहा ते चौदा दिवस, कधी जास्तही. एकदम मोठा वाफा भरू नका. दर तीन आठवड्यांनी हातभर ओळ पुरे. फुलावर आलेली रोपं लगेच उपटू नयेत. त्या फुलांवर येणाऱ्या काही माश्यांच्या अळ्या मावा ही कीड फस्त करतात.

कोरड्या मातीत पेरताना पाणी आधी द्यावं. चर काढायचा, तो भरून पाणी घालायचं, जिरलं की बी टाकून वर कोरडी भुसभुशीत माती. वरून पाणी मारलं की पापडी धरते आणि गाजरासारखा नाजूक कोंब तिच्याखालीच अडकतो. गाजराला उगवायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर वरचा थर वाळता कामा नये. ओलं गोणपाट अंथरून ठेवावं, पण पहिला कोंब दिसताच काढावं.

लेट्यूसची, म्हणजे सॅलडच्या पानांची, अडचण वेगळीच! माती २५ अंशांपुढे तापली की बी झोपी जातं. दुपार कलल्यावर, थंड पाणी दिलेल्या चरात, जेमतेम अर्धा सेंटिमीटर खोल पेरावं.

बेसिलला, म्हणजे तुळशीच्या परदेशी बहिणीला, उष्णता हवी. रात्री १० अंशांखाली जात असतील तर कुंडी खिडकीच्या आतच. बी दाट पडलं आणि पाणी जास्त झालं तर रोपं बुडाशी काळी पडून कोलमडतात. पाणी खालच्या ताटलीत द्यावं.

फरसबीला जून चांगला मानवतो. माती १२ अंशांवर गेली की ५ सेंटिमीटर खोल, १५ सेंटिमीटर अंतरावर. बुटकी जात आठ-दहा आठवड्यांत शेंगा देते. बी भिजवू नये. गार, चिकट मातीत ते कुजतं. ओळीच्या टोकाला चार-पाच बिया जादा टाकाव्यात, तुटाळी, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला कामी येतात.

आणि उगवलेली ओळ एका रात्रीत गायब झाली, तर अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन बघा. बिनशंखाच्या गोगलगायी दिवसा कुंड्यांच्या बुडाशी आणि फळ्यांखाली दडलेल्या असतात. रात्री ओल्या मातीवर त्या सहज फिरतात, म्हणून पाणी संध्याकाळऐवजी सकाळी द्यावं.