मायच्या डोळ्यातलं भोक

पहाटेच्या एसटीनं परतूरहून मायला घेऊन संभाजीनगर गाठलं. सुईत दोरा ओवायला बसलं की सुईच मधून गायब होते, असं ती दिवाळीपासून सांगत होती. आम्ही मोतीबिंदू म्हणून टाळत राहिलो, याचं फार वाईट वाटतंय.

ओसीटीचा, म्हणजे उजेडानं डोळ्याच्या पडद्याचा उभा छेद दाखवणाऱ्या तपासणीचा, फोटो पाहिला. डोळ्याच्या पडद्याचे थर भाकरीच्या पापुद्र्यासारखे एकावर एक, आणि नेमकं मधोमध भोक! पडदा तिथं जेमतेम पाव मिलिमीटर जाड. त्यावरची केसाहून कितीतरी पातळ झिल्ली निळ्या रंगानं रंगवून चिमट्यानं सोलायची, म्हणजे भोकाच्या कडा जवळ येतात.

इथं मायक्रोस्कोपलाच ओसीटी जोडलेलं आहे. झिल्ली कुठं सुटली, कुठं चिकटून राहिली, हे ऑपरेशन चालू असतानाच पडद्याच्या उभ्या छेदात दिसतं. सगळं नुसत्या उजेडावर, क्ष-किरण नाहीत. १९९१ साली जगापुढं आलेलं हे ओसीटीचं तंत्र आज माझ्या मायच्या कामी आलं.

आता डोळ्यात गॅसचा बुडबुडा आहे, म्हणून काही दिवस मान खाली. पालथी पडून उशीत तोंड खुपसूनच तिनं विचारलं, "बापू, कपाशीला पाणी सोडलं का रं?"