कळसूबाईपेक्षा उंचावरच्या शहरातून

दादा, वहिनी आणि मुलं जुलैत नैरोबीला आली ती सुती कपड्यांनी भरलेल्या बॅगा घेऊन. विषुववृत्त इथून जेमतेम दीड अंशावर, म्हणजे ऊन असणारच, असा त्यांचा हिशेब. पहिल्याच संध्याकाळी मुलं माझ्या शाली गुंडाळून बसली. दुसऱ्या दिवशी आम्ही मितुंबातून, म्हणजे इथल्या जुन्या कपड्यांच्या बाजारातून, चार स्वेटर आणले. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगते.

नैरोबी १,७०० मीटरच्याही थोडं वर वसलंय. आपली कळसूबाई १,६४६ मीटर. मी रोज भाजी आणते तो बाजारसुद्धा महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरापेक्षा उंचावर आहे! दर हजार मीटरला हवा सहा-साडेसहा अंशांनी गार होते, म्हणून इथे कपडे भरताना महिना कोणता हे विचारण्याआधी उंची विचारायची. त्याच जुलैत आगगाडीने समुद्रकाठच्या मोंबासाला उतरलो, तर स्वेटर बॅगेत गेले आणि रत्नागिरीसारखी दमट, खारी हवा अंगाला लागली.

तारखा मात्र पावसावर ठरवायच्या. सूर्यामागून सरकणारा ढगांचा पट्टा वर्षातून दोनदा विषुववृत्तावरून जातो, म्हणून पावसाळेही दोन: मार्च ते मे मोठा, ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा. आपल्या मुलांची मे महिन्याची सुट्टी नेमकी मोठ्या पावसात येते आणि दिवाळीची छोट्या.

मेमध्ये मसाई माराचं अभयारण्य नकोच. तिथली बरीच जमीन विदर्भासारखी काळी, चिकट. एका एप्रिलमध्ये आमची जीप तिच्यात रुतली आणि दुसऱ्या गाडीने दोर बांधून ओढेपर्यंत दुपार टळून गेली. गवत इतकं वाढलेलं, की सिंह दहा हातांवर असता तरी दिसला नसता. दिवाळीत त्यामानाने जमतं. छोटा पाऊस बहुधा दुपारनंतर येतो, सकाळ मोकळी मिळते. शाळा जूनच्या मध्यावर उघडणार असेल, तर जूनचे पहिले दिवस साधा.

एप्रिलपासून मोंबासाच्या किनाऱ्यावर दक्षिणेचा वारा सुरू होतो. त्याला स्वाहिलीत कुसी म्हणतात. तोच पुढे सोमालियाच्या किनाऱ्यावरून वळून जूनमध्ये कोकणात पाऊस घेऊन पोचतो. हे समजलं त्या दिवशी मी समुद्रावरूनच आईला फोन केला होता.

किलिमांजारोला निघालेल्या सह्याद्रीतल्या भटक्यांना एकच विनंती. तो ५,८९५ मीटर आहे आणि कितीही गड सर केलेले असोत, विरळ हवेची सवय व्हायला शरीराला दिवस लागतात. पाच दिवसांच्या स्वस्त सहलीपेक्षा सात दिवसांची घ्या. वाटाडे 'पोले पोले', हळूहळू, म्हणतात ते मनावर घ्या.

आई यंदा जानेवारीअखेर येतेय, कोरड्या दिवसांत. अंबोसेलीच्या राष्ट्रीय उद्यानातून किलिमांजारो दिसतो तो पहाटे. ऊन चढलं की ढग त्याला झाकतात. तिला स्वेटर हातातल्या पिशवीत ठेवायला सांगितलंय.