दोन्ही बाटल्यांना ४:१०

दोन वर्षं झाली पण त्या गुरुवारच्या प्लेट्स अजून डोळ्यासमोर आहेत. मी तेव्हा कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला राहून जवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात बायोटेकचं सर्टिफिकेट करत होते आणि जोडीला तिथल्याच प्रेप रूममध्ये आठवड्याला बारा तास काम करायचे. प्रेप रूम म्हणजे लॅबचं स्वयंपाकघर समजा. मीडिया म्हणजे बॅक्टेरियाचं खाद्य बनवायचं, ते निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह लावायचा, चपट्या बशांत घालून प्लेट्स ओतायच्या, वर्ग सुरू व्हायच्या आत प्रत्येक टेबलावर सगळं मांडून ठेवायचं.

इथवर कशी आले ते थोडक्यात सांगते. पुण्यात मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलं, लग्न झालं, एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, इकडे आले, मुलगी झाली, आणि बघता बघता सात वर्षं गेली. ईएडी, म्हणजे काम करायची परवानगी, हातात आल्यावर अर्जांवर अर्ज केले पण कुठूनच उत्तर येईना, कारण डिग्री असली तरी सात वर्षांत पिपेटला हात लावलेला नाही हे रेझ्युमेवर स्पष्ट दिसतंच. बिल्डिंगमधल्या एका ताईंनी या कोर्सचं सांगितलं. कॅलिफोर्नियात रेसिडेंट असाल तर कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला ४६ डॉलर, म्हणजे घरात कुणाला विचारत बसायची गरज नाही इतकी. माझ्यासारख्या बऱ्याच जणी पुन्हा एमएस करायच्या मागे लागतात, कर्ज काढतात, त्यांना मी आजही सांगते की आधी हे बघा.

वर्गात सगळ्या वयाचे लोक. कुणी नेव्हीतून बाहेर पडलेलं, कुणी नुकतं हायस्कूल संपवलेलं, आणि माझ्या बाजूच्या टेबलावर एक पन्नाशीचे गृहस्थ होते, पंचवीस वर्षं रेस्टॉरंटच्या किचनमध्ये काढलेले. प्रोफेसर बाई स्वतः औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमधून आलेल्या. सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारायचे, मला ते शेवटपर्यंत जमलं नाही, मी प्रोफेसरच म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं की हा सगळा धंदा इथून तासाभराच्या अंतरात जन्माला आलाय, १९७३ मध्ये स्टॅनफर्डचे कोहेन आणि सॅन फ्रान्सिस्कोचे बॉयर यांनी ई. कोलाय या बॅक्टेरियात जोडलेला डीएनए घातला, १९७६ मध्ये बॉयर आणि स्वॉन्सननी जेनेन्टेक ही कंपनी काढली, १९८२ मध्ये बॅक्टेरियात तयार झालेलं मानवी इन्सुलिन बाजारात यायला मंजुरी मिळाली. आणि बॅक्टेरियाने नवा डीएनए खरंच घेतला का हे ओळखायची युक्तीही तेव्हापासून तीच, त्या डीएनएसोबत अँटिबायोटिकला दाद न देणारा जीन द्यायचा आणि मग अँटिबायोटिक असलेल्या प्लेटवर वाढवायचं, ज्याने घेतला तो जगतो, बाकीचे मरतात.

आमचं त्या आठवड्याचं प्रॅक्टिकल तेच होतं. पीग्लो प्लाझमिड, म्हणजे डीएनएचं छोटं कडं, त्यात जेलीफिशचा हिरवं चमकणारं प्रोटीन बनवणारा जीन आणि सोबत अँपिसिलीन या अँटिबायोटिकपासून वाचवणारा जीन. बॅक्टेरिया आणि प्लाझमिड एकत्र बर्फात ठेवायचं, ४२ डिग्रीला ५० सेकंद, परत बर्फ, मग प्लेट्सवर पसरायचं. मंगळवारी केलं, एक दिवस ३७ डिग्रीला ठेवलं, गुरुवारी बघायचं.

गुरुवारी झाकणं उघडली आणि वर्गात गोंगाट झाला. बारा टीम्सपैकी पाच टीम्सच्या कंट्रोल प्लेटवर, म्हणजे ज्या बॅक्टेरियाला प्लाझमिड दिलेलंच नाही आणि खाली अँपिसिलीन आहे त्या प्लेटवर, जिथे एकसुद्धा कॉलनी, म्हणजे बॅक्टेरियाचा ठिपका, दिसायला नको तिथे, या कडेपासून त्या कडेपर्यंत साय धरल्यासारखा थर. आम्ही त्याला लॉन म्हणतो. उरलेल्या सात टीम्सची तीच प्लेट स्वच्छ.

जो तो आपापलं सांगायला लागला. कुणी म्हणे ट्यूब बदलल्या, कुणी म्हणे पसरायचा लूप नीट वापरला नाही, एका मुलीला तर वाटलं तिच्याच हातून घाण पडली, ती रडवेली झाली होती. प्रोफेसर एवढंच म्हणाल्या, "एकही प्लेट टाकायची नाही. आधी काय दिसतंय ते फळ्यावर लिहा, का झालं ते नंतर." मग फळ्यावर टेबल करून बाराही टीम्सचं लिहिलं. त्यात एक गोष्ट लगेच दिसली, अँपिसिलीन आणि अरॅबिनोज (हिरवं प्रोटीन बनवणारा जीन चालू करणारी साखर) दोन्ही असलेल्या प्लेट्स सगळ्या बाराच्या बारा बरोबर होत्या, यूव्ही लाइटखाली छान हिरव्या मोजक्या कॉलनी. म्हणजे बॅक्टेरियात दोष नाही, लोकांच्या हातात दोष नाही. त्या प्लेट्स दुसऱ्या एका मुलाने ओतल्या होत्या. नुसत्या अँपिसिलीनच्या मी ओतल्या होत्या.

तरी मला स्वतःची शंका आली नाही, हे खरं सांगते. मला पक्कं आठवत होतं की मी सगळं केलंय, रेकॉर्डही पूर्ण भरलेलं.

किचनवाल्या काकांनी प्लेट उलटी केली. तळाला कडेला मी बारीक अक्षरात ए किंवा बी लिहिलेलं होतं, कारण मीडियाच्या अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या होत्या आणि कुठल्या बाटलीची प्लेट ते लिहायची तिथली पद्धत. लॉन आलेल्या सगळ्या बी. स्वच्छ सगळ्या ए. प्रोफेसरनी प्रेप रूममधून बॅच रेकॉर्ड, म्हणजे मीडिया बनवताना भरायचा कागद, मागवलं. ते आणायला मीच गेले.

कागद सुरेख भरलेला होता. वजन, पीएच, ऑटोक्लेव्ह १२१ डिग्री, सगळ्या चौकटींत टिक आणि माझी इनिशियल्स. बाटली ए, अँपिसिलीन ५०० मायक्रोलिटर, वेळ ४:१०. बाटली बी, अँपिसिलीन ५०० मायक्रोलिटर, वेळ ४:१०. काकांनी दोन्ही ओळींवर बोट ठेवलं आणि अगदी सरळ, काहीही खोच न ठेवता विचारलं, "दोन्हीत एकाच मिनिटाला कसं घातलं?"

पोटात खड्डा पडला. तेव्हा सगळं आठवलं. सोमवारी संध्याकाळी बाटल्या हाताला सोसवतील इतक्या थंड व्हायची वाट बघत होते, तेवढ्या वेळात म्हटलं कागद भरून टाकू म्हणजे नंतर हात ओले असताना पेन धरायला नको. दोन्ही ओळी भरल्या. ए मध्ये अँपिसिलीन घातलं, हलवलं, आणि मुलीच्या शाळेतून फोन आला की तिला ताप आहे, लगेच न्यायला या. मी फोन ठेवला, भराभर ए ओतली, मग कागदाकडे पाहिलं, बी समोर टिक होतीच, म्हणून बी ओतली. माझीच टिक वाचून मी स्वतःवर विश्वास ठेवला.

अजून तेही नुसतं आठवणीवर नको म्हणून प्रोफेसर मला घेऊन उणे वीसच्या फ्रीजरपाशी गेल्या. अँपिसिलीन आम्ही एका बाटलीपुरतं एका छोट्या ट्यूबमध्ये भरून ठेवायचो, बॉक्सला दहा. तो बॉक्स मी सोमवारीच नवीन उघडला होता आणि नंतर कुणी हात लावला नव्हता. झाकण उघडलं, बर्फाची पांढरी भुकटी बाजूला केली आणि मोजलं. आठ असायला हव्या होत्या. नऊ होत्या. मी दोनदा मोजलं, थंडीने बोटं दुखायला लागली तरी परत एकदा मोजलं.

त्या नऊ ट्यूब बघताना मला पुण्याचं कॉलेज आठवत होतं. टायट्रेशनचं तुम्ही सगळ्यांनी केलं असेल, तीन रीडिंग घ्यायची आणि सीबीआर, म्हणजे सारखं येणारं रीडिंग, लिहायचा. आम्ही एकदाच घ्यायचो आणि ९.८, ९.८, ९.८ लिहून मोकळे, जर्नल तर आदल्या रात्री घरीच पूर्ण, रिझल्टसकट. सर सही करायचे. कुणाला त्यात खोटं केल्यासारखं वाटत नव्हतं, मलाही नाही, जर्नल नीटनेटकं असणं म्हणजेच चांगला विद्यार्थी असं आमचं ठरलेलं होतं. ती सवय मी सातासमुद्रापलीकडे घेऊन आले होते आणि मला माहीतही नव्हतं.

वर्गात परत येऊन मी उभी राहिले आणि सांगितलं की बी बाटलीत अँपिसिलीन घातलेलंच नाही, कागदावरची टिक आधीच केलेली आहे. आवाज थरथरत होता. ती रडवेली मुलगी पहिल्यांदा हसली. कुणी काही बोललं नाही, काकांनी मान हलवली फक्त.

प्रोफेसर रागावल्या नाहीत. त्यांनी डेव्हिएशनचा, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं काय झालं ते लिहायचा, फॉर्म दिला, कंपनीत असतो तसाच, आणि जुन्या रेकॉर्डवर दुरुस्ती कशी करायची ते सगळ्यांसमोर माझ्याकडूनच करून घेतलं. खोडरबर नाही, व्हाइटनर नाही, चुकीच्या नोंदीवर एकच सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, बाजूला कारण, इनिशियल्स आणि आजची तारीख. सोमवारची तारीख घालायचा मोह होतो, पण घालायची नाही. हे आम्ही पहिल्या महिन्यात शिकलो होतो, परीक्षेत मला त्यात पूर्ण मार्क होते.

फॉर्मवर मूळ कारण या रकान्यात मी लिहिलं, काम करणारी विसरली. तो फॉर्म परत आला. प्रोफेसर म्हणाल्या, "माणूस विसरतो हे मला माहीत आहे. तू आधी भरू शकलीस असा तो कागद का होता, ते लिही." त्यावर मी वीकेंडभर विचार केला, मुलगी शेजारी तापात झोपलेली असताना. तीन वेळा लिहिलं. शेवटी असं सुचवलं की प्रत्येक ट्यूबला सुटणारं स्टिकर लावायचं, ट्यूब वापरली की ते काढून रेकॉर्डवर त्या बाटलीपुढे चिकटवायचं. ट्यूब फ्रीजरमधून काढल्याशिवाय स्टिकर मिळणारच नाही.

सोमवारी मी पुन्हा दोन बाटल्या केल्या. ए चं स्टिकर चिकटवलं, वेळ लिहिली ३:४२. बी चं चिकटवताना ते गार आणि ओलं होतं, नीट बसेना, अंगठ्याने दाबून धरलं. ३:४७. मंगळवारी पाचही टीम्सनी परत प्लेटिंग केलं आणि गुरुवारी त्या मुलीने कंट्रोल प्लेट उघडून माझ्या हातात दिली. पिवळसर, ओली, पूर्ण रिकामी.