दिसलेलं शौर्य

परमवीर चक्र, म्हणजे युद्धातलं देशातलं सर्वोच्च पदक, फक्त शौर्यालाच द्यावं का, यावरून परवा एका मित्राशी चांगलंच वाजलं. त्याचं म्हणणं, सैनिकाचं कामच लढायचं आहे, त्यात एखाद्याने जिवावर उदार होऊन काहीतरी अचाट केलं तर देशातलं सगळ्यात मोठं पदक त्यालाच कशाला, आणि वर हे की अंगात आल्यावर माणूस काहीही करतो, त्यात शौर्य कसलं, त्यापेक्षा ज्याने डोकं शांत ठेवून लढाई जिंकून दिली त्याला द्या ना.

अंगात आल्यावर! मी तिथेच उखडलो, कारण मला लगेच राम राघोबा राणे आठवले. एप्रिल १९४८, जम्मू-काश्मीरमधला नौशेरा ते राजौरी रस्ता, बॉम्बे सॅपर्सचे (लष्करातले इंजिनिअर) सेकंड लेफ्टनंट. काम काय, तर रस्त्यातले सुरुंग काढायचे, आडवी टाकलेली झाडं उडवायची, म्हणजे मागचे रणगाडे पुढे जातील. पहिल्याच दिवशी मॉर्टरच्या माऱ्यात त्यांचे दोन जवान गेले आणि राणे स्वतः जखमी झाले, तरी ८ ते ११ एप्रिल हा माणूस गोळीबारात रस्ता मोकळा करत राहिला. एका दिवसाचं नाही, चार दिवसांचं. अंगात आलेलं कुणाचं चार दिवस टिकतं का? सुरुंग काढताना हात थरथरून चालत नाही हो. आणि त्यांना मिळालेलं परमवीर चक्र कोणाला मारल्याबद्दल नाही, रस्ता उघडून दिल्याबद्दल आहे, हे मला फार आवडतं. ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, व्हिक्टोरिया क्रॉस, दोनदा मिळवणारी माणसं आजवर फक्त तीन, त्यातले दोघं, आर्थर मार्टिन-लीक आणि नोएल शावास, चक्क डॉक्टर होते, जखमींना उचलून आणणारे.

तर मूळ प्रश्नाला माझं उत्तर सरळ हो असं आहे. शौर्याला द्यायचं, आणि फक्त शौर्याला, लढाई जिंकली की हरली ते न बघता. विजय हा सेनापतीचा, नकाशाचा, हवामानाचा, नशिबाचा, सगळ्यांचा मिळून असतो. त्याच्यासाठी वेगळी पदकं आहेत की.

पण मित्राने भांडता भांडता एक गोष्ट बोलून टाकली ती मात्र डोक्यातून जात नाहीये. तो म्हणाला, ज्याचं शौर्य कोणी बघितलंच नाही त्याचं काय? घरी येऊन परमवीर चक्राचा नियम परत वाचला तर त्यात शौर्याच्या आधी शब्दच आहे 'कॉन्स्पिक्युअस'. उठून दिसणारं. म्हणजे दिसलं पाहिजे, आणि ज्याने बघितलं तो जिवंत राहिला पाहिजे, आणि त्याच्या सांगण्यावरून कोणीतरी शिफारस लिहिली पाहिजे, आणि ती फाइल वरपर्यंत गेली पाहिजे. एवढ्या सगळ्यातून निघून मग ते पदक.

लडाखमधली रेझांग ला ही खिंड घ्या. चीनशी युद्ध, १८ नोव्हेंबर १९६२, १३ कुमाऊँची चार्ली कंपनी, साधारण १२० माणसं, त्यातली ११० च्या वर तिथेच गेली. वाचलेल्या मोजक्यांनी काय झालं ते सांगितलं तर लोकांचा विश्वास बसेना. मग पुढच्या वर्षी बर्फ वितळायला लागल्यावर माणसं वर पोचली तेव्हा जवान खंदकात तसेच सापडले, हातात बंदुकीसकट. तिथे बर्फाने साक्ष दिली. परमवीर चक्र मेजर शैतान सिंगांना मिळालं, काही जणांना वीर चक्र, आणि ते योग्यच होतं, पण त्या कंपनीतल्या शेवटच्या माणसाने शेवटच्या गोळीपर्यंत काय केलं हे बघायला कोण उरलं होतं?

आणि याच्या बरोब्बर उलट किस्सा कारगिलचा. टायगर हिलवर पाकिस्तानचा कॅप्टन कर्नल शेर खान (कर्नल हे त्याचं नाव, हुद्दा कॅप्टन, मी पण पहिल्यांदा गोंधळलो होतो) असा लढला की त्याचा मृतदेह परत देताना आपले ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी त्याच्या खिशात चिठ्ठी ठेवली, हा माणूस फार शूर लढला म्हणून. त्याला पुढे निशान-ए-हैदर मिळालं, त्यांचा सर्वोच्च सन्मान. साक्षीदार कोण, तर शत्रू! यापेक्षा निखळ शिफारस मला तरी माहीत नाही, कारण शत्रूला तुमचं कौतुक करून काय मिळणार.

व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ मध्ये सुरू झाला तेव्हा त्यात एक भारी नियम होता, अख्खी तुकडीच सारखी शूर लढली असेल तर जवानांनी आपापसात मतदान करून ठरवायचं पदक कोणी घ्यायचं. १८५७ च्या धामधुमीत असे बरेच क्रॉस दिले गेले. मला हे फार पटतं. शेजारच्या खंदकातल्या माणसाइतकं खरं कोणाला माहीत असणार, साहेब तर दुर्बिणीतून बघतो. मात्र सगळ्यांना वाटून टाकणं हा उपाय नाही, अमेरिकेत यादवी युद्धाच्या वेळी २७ वी मेन नावाच्या एका रेजिमेंटला मेडल ऑफ ऑनर हे तिथलं सर्वोच्च पदक असंच सरसकट वाटलं, ८६४ जणांना, मुदत संपल्यावर काही दिवस जास्त थांबल्याबद्दल, तेही सगळे थांबलेच नव्हते. १९१७ मध्ये सगळी नावं कापावी लागली.

अजून एक खटकतं. परमवीर चक्राची रचना सावित्री खानोलकर यांची, त्यावर इंद्राचं वज्र आहे, म्हणजे दधीचीने हाडं दिली ती गोष्ट. सुंदर आहे, पण ती गोष्ट मरणाचीच आहे ना. आजवरच्या २१ परमवीरांपैकी १४ मरणोत्तर. कारगिलमध्ये लढलेल्या योगेंद्र सिंग यादव यांचं तर आधी मरणोत्तर म्हणूनच जाहीर झालं होतं आणि १९ वर्षांचा तो मुलगा हॉस्पिटलमध्ये जिवंत! हसावं की रडावं कळत नाही. मेला म्हणजे नक्की शूर असणार हा हिशोब आपल्या डोक्यात कुठेतरी पक्का बसलाय, आणि राणे, बाना सिंग, संजय कुमार ही परमवीर मिळवून जिवंत परतलेली माणसं त्यामुळे पटकन आठवत नाहीत.

हे सगळं मित्राला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला बरं, मग तुकाराम ओंबळेंचं सांग. २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ, हातात फक्त काठी, कसाबच्या एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला. त्यांना अशोक चक्र (युद्धाबाहेरच्या शौर्याचं सर्वोच्च पदक) मिळालं, परमवीर नाही, कारण ते युद्ध नव्हतं आणि समोरचा माणूस नियमाच्या भाषेतला 'शत्रू' नव्हता.

मी म्हटलं अरे, तो तर तुझा मुद्दा होता की माझा? तो म्हणाला आता आठवत नाही, पण तिथे अंगात आलं होतं असं मी म्हणणार नाही.