सूट बॅगेत, बॅग कुणास ठाऊक कुठे: सिंगापूर क्रूझवर जेवायला जाणाऱ्यांसाठी

आधी निकाल सांगते. सूट शिवू नका. शिवलाच असेल तर नेऊ नका. आणि पहिल्या रात्रीसाठी एक फुल पँट आणि बंद बूट हातातल्या बॅगेत ठेवा. एवढं कुणी आम्हाला सांगितलं असतं तर आमचे हे पहिल्या रात्री जेवायच्या दारातून परत फिरले नसते आणि मीही हे सगळं लिहायला बसले नसते.

तिकिटं काढून देणाऱ्या एजंटाने (नाव घेत नाही, पण बडोद्यातलाच) पहिल्या दिवसापासून एकच धोशा लावला होता: "सूट वगर एन्ट्री नहीं मळे, बेन." फॉर्मल नाइट असते, कॅप्टन स्वतः येतो, टायशिवाय आत घेत नाहीत, वगैरे. आमच्या ह्यांनी लग्नानंतर सूट घातलेला नाही. तो लग्नातला सूटही सासरेबुवांनी हौसेने शिवलेला, आता त्यात ह्यांचा एक हात जेमतेम जाईल. मग रावपुऱ्यात कापड घेतलं, माप दिलं, दोन ट्रायल झाल्या. शिलाई धरून ११,८०० रुपये. टाय वेगळा. काळे बूट वेगळे. ह्यात आमचा दोष एवढाच, की एजंटाला उलट प्रश्न विचारला नाही: "फॉर्मल नाइट कितव्या रात्री? आणि बाकीच्या रात्री काय?"

अहमदाबादहून रात्रीचं विमान, सकाळी सिंगापूर. प्रवासात घालायला सोपं म्हणून ह्यांनी कमाटीबागेत फिरायला जाताना घालतात ती थ्री-फोर्थ आणि पायात फ्लोटर्स. मरीना बेच्या क्रूझ सेंटरवर दुपारी पोचलो. तिथे मोठ्या बॅगा धक्क्यावरच ताब्यात घेतात, त्यांना केबिनच्या नंबरचा कागदी पट्टा लावतात आणि म्हणतात, केबिनबाहेर येतील. कधी, ते म्हणत नाहीत. आम्हाला वाटलं, विमानतळावरच्यासारखं असेल, अर्ध्या तासात येतील. हजारो माणसांच्या हजारो बॅगा एक्स-रेतून जाऊन एकेका मजल्यावर चढवायच्या असतात हे तेव्हा डोक्यात आलं नाही. आमची बॅग रात्री ९:२० ला आली. ही वेळ मी मरेपर्यंत विसरणार नाही.

जेवणाची वेळ सहाची मिळाली होती. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे बडोद्यात दुपारचे साडेतीन. पोटाला वाटतं, चहाची वेळ झाली. पण आईंच्या (माझ्या सासूबाई, वय ७८) शुगरच्या गोळ्या, आणि भारतीय शाकाहारी जेवण आम्ही बुकिंग करतानाच आमच्या टेबलावर सांगून ठेवलेलं. तेव्हा जाणं भाग होतं.

आता ते दार. काचेचं, त्याच्यापुढे लाकडी उभं टेबल, त्यामागे काळ्या कोटातला हेड वेटर, बाजूला हात धुवायच्या औषधाचं यंत्र. रांग हळूहळू सरकते. आमची पाळी आली तसं त्या माणसाने हसून स्वागत केलं, केबिन नंबर विचारला, आणि मग त्याची नजर ह्यांच्या चेहऱ्यावरून खाली निघाली. शर्टावर थांबली नाही. पट्ट्यावर थांबली नाही. गुडघ्याखाली चार बोटं, जिथे थ्री-फोर्थ संपते आणि ह्यांची पोटरी सुरू होते, तिथे येऊन थांबली. "सर, लाँग ट्राउझर्स, प्लीज." अगदी गोड आवाजात. मागे दीडशे माणसं. ह्यांनी थ्री-फोर्थ खाली ओढून बघितली. ती वाढणार कुठून?

धावत केबिनकडे. बॅग नाही. लिफ्टजवळ बॅगांचा ढीग, त्यात आमची नाही. रिसेप्शनवर सांगितलं, तर "शॉर्टली, मॅम". मी म्हटलं, माझी काळी पलाझो पर्समध्ये आहे, ती घालून बघता का? ह्यावर हे नऊ वाजेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

आईंना मात्र ह्या सगळ्याची मोठी मौज वाटली. त्या नऊवारीत होत्या, रोजच्याच सुती. वर बुफेत दहीभात घेऊन बसल्यावर म्हणाल्या, "अरे, माझ्या पोटऱ्या दिसतात त्या त्याला चालल्या, तुझ्याच का चालल्या नाहीत रे?" उत्तर कुणाकडेच नव्हतं. खरं उत्तर दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलावरच्या वेटरने दिलं. गोव्याचा मुलगा, आईंना पहिल्या वाक्यापासून आजी म्हणायला लागला. कोकणी-मराठी मिसळून तो हळूच म्हणाला, "काकी, टाय कोण मोजत नाही. पुरुषाची पोटरी झाकलेली पाहिजे, पायाचं बोट दिसता नये. बस." सगळ्या ड्रेस कोडचं सार ह्यात आलं. बायकांच्या पायाची बोटं दिसली तर चालतात. हा न्याय कुणाचा ते विचारू नका.

एक गंमत मला नंतर वाचताना कळली. अटलांटिक ओलांडणाऱ्या जुन्या बोटींवर, जिथे पहिल्या वर्गात रात्रीच्या जेवणाला नटूनथटून यायची रीत होती, तिथेही पहिल्या आणि शेवटच्या रात्री साधे कपडे चालत. कारण पहिल्या रात्री ट्रंका उघडलेल्या नसायच्या आणि शेवटच्या रात्री भरलेल्या असायच्या. म्हणजे ही अडचण तेव्हापासूनची आहे आणि आजही पहिल्या रात्रीचा ड्रेस बहुतेक जहाजांवर "कॅज्युअल"च असतो. फक्त त्यांच्या कॅज्युअलमध्ये अर्धी चड्डी येईलच असं नाही. काही जहाजांवर चालते, काहींवर चालत नाही. आमच्या जहाजावर चालली नाही. बुकिंगच्या कागदात बारीक अक्षरांत ते लिहिलंही होतं. एजंटाने तो कागद आम्हाला दिला होता का? दिला होता. आम्ही वाचला होता का? पुढे चला.

दुसरा दिवस पूर्ण समुद्रातला, आणि फॉर्मल नाइट त्याच दिवशी. बहुधा अशाच दिवशी ठेवतात, कारण बंदरावरून घामाघूम होऊन आलेली माणसं संध्याकाळी टाय लावायला तयार नसतात. तीन-चार रात्रींच्या फेरीत एक, सात रात्रींच्या फेरीत साधारण दोन, असं गणित असतं. त्या दिवसाचा कार्यक्रम आदल्या रात्री केबिनमध्ये कागदावर किंवा फोनच्या ॲपवर येतो, त्यात वरच्या कोपऱ्यात संध्याकाळचा पोशाख लिहिलेला असतो. तो वाचा, एजंटाचं ऐकू नका.

सूट बॅगेतून निघाला तो भाकरी दुमडावी तसा. माझी छोटी इस्त्री चढतानाच एक्स-रेत पकडून ठेवून घेतली होती. आगीच्या भीतीने प्रवाशांच्या इस्त्र्या केबिनमध्ये चालत नाहीत, कपड्यांचे स्टीमरही बहुतेक ठिकाणी नाहीत. इस्त्री उतरताना परत मिळाली, एवढंच. जहाजावर इस्त्री करून देतात: सूट आणि शर्ट मिळून १४ डॉलर, आणि "आजच हवंय" म्हटल्यावर निम्मे वर. २१ डॉलर! आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला एवढ्या पैशात सगळ्या वाड्याचे कपडे महिनाभर करील. साडीचं काम मी फुकटात केलं. बाथरूममध्ये गरम पाण्याचा शॉवर दहा मिनिटं सोडायचा, दार बंद, साडी हँगरला. चुण्या सत्तर टक्के जातात, उरलेल्या निऱ्यांत लपतात. केबिनच्या भिंती लोखंडी असतात, तेव्हा चुंबकाचे हुक घरून न्या, कपडे टांगायला दुसरी जागा नसते.

संध्याकाळी हे सूट घालून निघाले. घाम. टायची गाठ मी व्हिडिओ बघून बांधलेली, ती डावीकडे. त्याच दाराशी तोच हेड वेटर. ह्या वेळी नजर खाली गेलीच नाही, "गुड इव्हनिंग सर" आणि थेट आत. ह्यांचा चेहरा मात्र अजून कालचाच. मग आत बसून मी मोजलं, कारण ११,८०० चा हिशेब लागत नव्हता. माझ्या जागेवरून दिसणारे ३१ पुरुष. सूट आणि टाय: सात. बाकी कॉलरचे शर्ट, फुल पँट, आणि बरेचसे लांब बाह्यांचे बाटिकचे शर्ट. मलेशिया-इंडोनेशियात बाटिकचा लांब बाह्यांचा शर्ट हाच समारंभाचा पोशाख, तिकडे तो घालून माणसं लग्नालाही जातात आणि सरकारी कार्यक्रमालाही. मग आपला कुर्ता-पायजमा आणि वर जाकीट काय वाईट? दोन टेबलं सोडून एक सुरती कुटुंब होतं, त्यातले काका बंदगळ्यात, मजेत श्रीखंड खात होते (हो, मिळतं, आदल्या रात्री सांगावं लागतं). बंदगळा बडोद्यात लग्नसराईत भाड्याने मिळतो. ११,८०० चा सूट शिवायची गरज नव्हती.

आणि आई. हिरवी नऊवारी पैठणी, नथ, खांद्यावर शाल (शाल न्याच, तिथलं एसी म्हणजे मकरसंक्रांतीची पहाट). दारातच हेड वेटर पुढे आला, हात दिला, टेबलापर्यंत सोडून खुर्ची मागे ओढली. दोन ऑस्ट्रेलियन बायका फोटो मागायला आल्या. आईंनी त्यांना काष्टा कसा घेतात तेही दाखवलं. सयाजीराव महाराज १९११ च्या दिल्ली दरबारात साध्या वेशात, दागिन्यांशिवाय गेले आणि पाचव्या जॉर्जला एकदाच वाकून वळले, त्यावरून गोऱ्यांनी केवढा गहजब केला, ही गोष्ट आईंनी त्या गोव्याच्या मुलाला सांगायला घेतली. त्याच्या हातात सहा सूपचे बाऊल. तो बिचारा उभा राहून ऐकत होता.

फोटोवाल्यापासून सावध. फॉर्मल नाइटला जिन्याजवळ पडदे लावून फोटो काढतात. काढणं फुकट, पण एक प्रिंट २० डॉलर. आम्ही आईंचा एकच घेतला. ह्यांच्या सूटचा घेतला नाही, गाठ डावीकडे होती. माणशी रोजची टिप खात्यातून आपोआप जाते ती वेगळी; वेटरला पुन्हा द्यायचं बंधन नाही, पण त्या मुलाला आम्ही दिले.

फुकेत आणि पेनांग ठीक. पेनांग चांगलं. त्या दोन्ही रात्री हे खाकी पँट आणि चौकड्याचा शर्ट घालून जेवायला गेले, कुणी बघितलंही नाही.

बाकी कंपन्यांचं सांगते, कारण घरातल्या सगळ्यांनी हेच विचारलं. क्युनार्डच्या बोटींवर संध्याकाळी सहानंतर नियम खरोखर पाळतात आणि गाला रात्री (म्हणजे त्यांची फॉर्मल नाइट) डिनर जॅकेट किंवा गडद सूट सांगतात; पण आपापल्या देशाचा समारंभाचा पोशाखही त्यांच्या नियमांत बसतो. तेव्हा बंदगळा, पैठणी बिनधास्त न्या. नॉर्वेजियनवर उलट, नटण्याची सक्ती नाही. ह्या दोन टोकांच्या मध्ये बाकी सगळे. आणि कुठल्याही जहाजावर सूट-बिट काही नको असेल तर वरच्या मजल्यावरचा बुफे आहेच. तिथे फक्त ओल्या पोहण्याच्या कपड्यांत आणि अनवाणी जाऊ नका. नऊ रात्री अनवाणी गरबा खेळणाऱ्या आपल्या मंडळींना हे मुद्दाम सांगावं लागतं. बुफेत जेवण वाईट नव्हतं, पण खुर्ची मिळवायला रुमाल टाकावा लागतो, एसटीसारखा.

बायकांसाठी एवढंच: उंच टाचा नेऊ नका. जहाज फार हलत नाही, पण जेवून उठल्यावर नेमकं हलतं, आणि डेकच्या दारांना उंबरे असतात. पाचवारीला पिना जास्त लावा.

शेवटच्या रात्रीचा घोटाळा पहिल्या रात्रीच्या बरोबर उलटा. मोठ्या बॅगा रात्री अकराच्या आत केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्या थेट धक्क्यावर भेटतात. आमच्या समोरच्या केबिनमधल्या गृहस्थांनी सगळं आवरून, इमानदारीने सगळं बॅगेत भरून बाहेर ठेवलं आणि सकाळी ते लेंग्यात सिंगापूरला उतरले. आमचे हे त्यांच्याकडे बघून चार दिवसांत पहिल्यांदा मनापासून हसले.

सूट अजून कपाटात आहे. काळा, ४२ नंबर, एकूण दोन तास दहा मिनिटं घातलेला. ओळखीतलं कुणी जाणार असेल आणि मी इतकं सांगूनही न्यायचाच असेल, तर बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घरून घेऊन जा. भाडं नको, ड्रायक्लीन करून परत आणा. टाय मात्र गाठ बांधलेलीच आहे, ती सोडू नका.