आमची वाटचाल : भोसरीचं शेड, मामा आणि शाफ्टमधला अँगल

भोसरीत भाड्याचं शेड, पत्र्याच्या कडा जोडासाठी वळवणारं एक जुनं लॉक फॉर्मर, हाताने ओढायचं बेंडिंग मशीन आणि भागीदार म्हणजे आमचे मामा, एवढ्यावर हवेचे डक्ट, म्हणजे पत्र्याच्या चौकोनी नळ्या, बनवून बसवायचा धंदा सुरू झाला. मामांचा पितळी ओळंबा अजून आमच्याकडे आहे. लेझर आलं तरी शाफ्टमध्ये (बिल्डिंगमधली डक्टसाठीची उभी पोकळी) मी आधी तोच सोडतो, पोरं हसतात, हसू देत.

मधली वर्षं सोडा, कामं मिळत होती, पगार होत होते.

मग बाणेरची 14 मजली बिल्डिंग आली. आम्ही कोटेशनमध्ये दर मजल्याला डक्टच्या दोन्ही बाजूंना अँगल (L आकाराची लोखंडी पट्टी) धरला होता, डक्टला रिव्हेट मारून टोकं स्लॅबवर टेकवलेली, खाली रबर पॅड. दुसऱ्या पार्टीने (नाव घेत नाही, लाइनमधले ओळखतील) एक मजला सोडून एक अँगल धरला, रेट पाडला आणि काम घेऊन गेली. आम्ही तोंडी होकारावर पत्रा उचलून बसलेलो, भवानी पेठेतली उधारी डोक्यावर, त्यात 2020 चा लॉकडाऊन. मामांनी एफडी मोडली म्हणून शेडची किल्ली हातात राहिली.

आता हिशोब बघा. 1000 बाय 600 मिलिमीटरचा डक्ट, 22 गेज जाडीचा, मीटरला नुसता पत्राच 20 किलो, फ्लँज (तुकडे जोडायची कड) आणि इन्सुलेशन वेगळं. 3 मीटरच्या मजल्याला 60, म्हणजे 14 मजल्यांचे 840 किलो. ज्याने त्याने आपले 60 पेलले तर कुणाला काही जाणवत नाही, पण एक टेकू कमी केला की ते ओझं खालच्यावर आणि जॉइंटवर जातं.

पुढे कोथरूडच्या कन्सल्टंट साहेबांचा फोन. पहिलं काम यांनीच दिलेलं, एकदाही पेमेंट लटकवलं नाही. म्हणाले, "अरे, चौथ्यावर फ्लँजमधून हवा मारतेय, बघून ये." बघतो तर तीच बिल्डिंग! डक्ट खाली बसलेला, जॉइंटमधलं गॅस्केट (सीलपट्टी) बाहेर, अँगल धरणारे फास्टनर (काँक्रीटमधले बोल्ट) स्लॅबच्या अगदी कडेला ठोकलेले म्हणून काँक्रीटचा टवका उडालेला. चेन पुलीवर डक्ट तोलून धरला आणि वरून खाली एकेक अँगल नव्याने बसवला.

नवीन पोरांनो, फास्टनर कडेपासून आत घ्या, ड्रिल मारल्यावर भोकातली धूळ फुंकून काढा, शाफ्टचं तोंड प्लायने झाका आणि सेफ्टी बेल्ट डक्टच्याच अँगलला अडकवू नका, मी माणसं बघितलीत तसं करणारी.

बाय द वे, त्या रिपेअरिंगचं रिटेन्शन (बिलातून राखून ठेवलेली रक्कम) अजून आलेलं नाही. मामा दर महिन्याला विचारतात.